ग्रीन टी, आहार आणि वाढलेले वजन : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून ग्रीन टी नेणारे पुष्कळ ग्राहक पाकीट हातात घेता घेताच विचारतात, की याने पोट किती दिवसांत उतरेल. याचे सरळ उत्तर असे, की नुसत्या ग्रीन टीने डोळ्यांत भरेल इतके वजन उतरत नाही. दिवसभरातील साखरेच्या चहाची जागा त्याने घेतली आणि त्याच्या जोडीला जेवणाचे ताट थोडे बदलले, तर मात्र रक्तातील साखर, रक्तातील चरबी आणि कमरेचा घेर या तिन्हींना त्याचा उपयोग होऊ शकतो. आमच्या पाकिटावर ‘वजन घटवणारा’ असे शब्द नसतात. त्याला एक कारण कायद्याचेही आहे : आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धच्या १९५४ च्या केंद्रीय कायद्याने ज्या विकारांवरील उपायांच्या जाहिरातींना मनाई केली आहे, त्या यादीत मधुमेहाबरोबर लठ्ठपणाही आहे.

वजनकाट्यापेक्षा मापपट्टी

आपल्याकडे हातपाय बारीक आणि पोट पुढे, अशी अंगकाठी सर्रास दिसते. अशा माणसाला कोणी लठ्ठ म्हणत नाही, पण पोटातील अवयवांभोवती साठलेली हीच चरबी यकृत आणि इन्सुलिन यांचे काम बिघडवते. म्हणून भारतीयांसाठी मर्यादा कडक ठेवल्या आहेत. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा २३ च्या पुढे गेला की वजन जास्त, आणि २५ पासून लठ्ठपणा धरतात. कमरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या आत असावा. माप लुंगीच्या किंवा परकराच्या नाडीवरून घेऊ नये. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर पट्टी आडवी धरून, श्वास सोडल्यावर घ्यावे.

घेराबरोबर आणखी चार गोष्टी पाहतात (रक्ततपासणीचे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये) : ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी १५० किंवा अधिक, चांगले कोलेस्टेरॉल पुरुषांत ४० आणि स्त्रियांत ५० पेक्षा कमी, रक्तदाब १३०/८५ किंवा अधिक, आणि उपाशीपोटी साखर १०० किंवा अधिक. या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या तर चयापचय बिघडले आहे असे डॉक्टर मानतात. वजन पाच ते सात टक्के उतरले तरी या आकड्यांत सुधारणा दिसू लागते. म्हणजे ८० किलोच्या माणसाने चार-साडेपाच किलो कमी केले तरी पुष्कळ झाले.

ग्रीन टी नेमके काय करतो

काळा चहा आणि ग्रीन टी एकाच झाडाच्या पानांचे असतात. पाने खुडल्यावर लगेच वाफेवर किंवा तापलेल्या कढईत गरम केली, की ती काळी पडण्याची क्रिया थांबते आणि त्यांतील कॅटेचिन नावाची द्रव्ये बऱ्याच अंशी टिकून राहतात. परसातला गवती चहा ही निराळीच वनस्पती आहे. तो चवीला उत्तम, पण त्यात ना कॅटेचिन असतात ना कॅफिन. कॅटेचिन आणि कॅफिन मिळून शरीराचा ऊर्जाखर्च किंचित वाढवतात, हे प्रयोगांत दिसले आहे. मात्र वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या, तेव्हा वजनातील घट इतकी थोडी निघाली, की वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व देता येईना. वाईट कोलेस्टेरॉल थोडे उतरते, एवढे मात्र चाचण्यांतून बऱ्यापैकी सातत्याने आढळते.

खरा फायदा साखरेच्या हिशेबात आहे. सकाळी उठल्यावर एक, न्याहारीबरोबर एक, दुपारी झोपून उठल्यावर एक आणि तिन्हीसांजेला कोणी आले म्हणून एक, असे चार कप दोन-दोन चमचे साखरेचे घेतले, तर चमचा पाच ग्रॅमचा धरून ४० ग्रॅम साखर, म्हणजे १६० कॅलरी होतात, आणि दूध व बटर-खारी त्यांत धरलेलीच नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आसपास थांबवायला सांगते. चारांपैकी दोन कप बिनसाखरेच्या ग्रीन टीचे केले तर हा हिशेब निम्म्यावर येतो. त्यात मध घालून पिणारे ग्राहकही आम्हाला भेटतात. मध हीसुद्धा साखरच आहे.

कोकणातले ताट

आहार सुधारायचा म्हणून ओट्स आणि परदेशी बिया विकत आणण्याची गरज नाही. त्या आम्ही ठेवतही नाही. कुळथाची पिठी, चवळी, कडव्या वालांचे बिरडे, पावसाळ्यातला टाकळा आणि कुर्डू, शेवग्याचा पाला, बांगडा आणि तारली यांत प्रथिने, तंतू आणि चांगली चरबी भरपूर आहे. गोंधळ होतो तो प्रमाणात. पिठी दोन डाव आणि भाताचा डोंगर, असे ताट असेल तर पिठीचा गुण भाताखाली दडपतो. भात सोडू नये, पण त्याचे प्रमाण निम्मे करावे, शक्य तेव्हा उकडा तांदूळ वापरावा, आणि मोकळ्या झालेल्या जागेत भाजी व उसळ वाढून घ्यावी. आधी भाजी आणि मासा, मग भात, या क्रमाने जेवल्यास जेवणानंतरची साखर तुलनेने कमी चढते.

बांगड्याचा गुण त्याच्या तेलात आहे. रवा लावून कढईभर तेलात तळण्यापेक्षा तो तिरफळ घातलेल्या तिखल्यात, म्हणजे तिखट कालवणात, किंवा तव्यावर चमचाभर तेलात करावा. नारळ वर्ज्य नाही, मात्र वाटण, सोलकढी आणि वर भाजीवर खोबरे असे तिन्ही एकाच जेवणात नकोत, कारण नारळाच्या तेलातील बहुतांश चरबी संपृक्त, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल वाढवणारी असते. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा घरोघर सुक्या माशांवर भर येतो. ज्यांचा रक्तदाब वाढलेला आहे त्यांनी खारवलेले मासे पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा टाकून मगच शिजवावेत, आणि त्या दिवशी लोणचे व पापड ताटात घेऊ नयेत. नाचणीची भाकरी चांगली, पण नाचणीचे सत्त्व दूध-साखर घालून पेलाभर प्यायले तर ते वजन वाढवायच्याच कामाचे. कोकम सरबताचेही तेच आहे. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, पाण्यात घालून बिनसाखरेचे प्यावे, फक्त आगळात मीठ असते हे लक्षात ठेवावे. हापूस मधल्या वेळेस एक खावा. पोटभर जेवणानंतरचा वाटीभर आमरस मात्र टाळावा.

आठवड्यात १५० मिनिटे भरभर चालणे याच्या जोडीला हवेच. पावसात ते घराच्या पडवीतही होते.

कोणी जपून घ्यावा

भाज्या व कडधान्यांतून मिळणारे लोह ग्रीन टीमुळे कमी शोषले जाते. म्हणून ज्यांचे हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी, विशेषतः स्त्रियांनी, तो जेवणानंतर किमान तासाभराने घ्यावा. गरोदर व अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया, रक्त पातळ करणारे वॉरफॅरिन किंवा रक्तदाबाचे नॅडोलोल ही औषधे घेणारे आणि यकृताचा आजार असणारे यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नये. मधुमेहाच्या गोळ्या ग्रीन टीच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे. ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल आम्ही विकत नाही. साध्या कपात ज्या मुख्य कॅटेचिनचे साधारण ५० ते १०० मिलिग्रॅम असतात, तेच कॅप्सूलमधून दिवसाला ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक गेले तर रक्तातील यकृताची एन्झाइमे वाढल्याचे, म्हणजे यकृताला त्रास होत असल्याची खूण दिसल्याचे, युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये नोंदवले आहे.

करणे आणि ठेवणे

पाणी उकळून खाली उतरवावे, तीन-चार मिनिटे थांबावे, मग कपाला दोन ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर पाने घालून दोन-तीन मिनिटांनी गाळावे. आपल्या नेहमीच्या चहासारखा खळखळ उकळला तर तो कडू होतो आणि मग साखरेचा डबा उघडला जातोच. संध्याकाळी सहानंतर घेतल्यास काहींची झोप उडते.

शंभर ग्रॅमच्या पाकिटात पन्नास कप होतात, म्हणजे रोज दोन कपांप्रमाणे ते पंचवीस दिवस पुरते. चहाची पाने दमटपणा आणि वास दोन्ही चटकन ओढून घेतात. आगोटीचे, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीचे, सामान भरताना सुक्या बोंबलांच्या किंवा मसाल्याच्या डब्याशेजारी पाकीट ठेवले तर चार दिवसांत कपात त्याचीच चव येते. घट्ट झाकणाच्या डब्यात, चुलीपासून लांब ठेवावे. वास लागलेली पाने आम्हाला बदलून देता येत नाहीत, म्हणून जून ते सप्टेंबर या काळात लहान पाकीटच न्यावे.