फोर-लो की डिफ लॉक? गाडी का अडकली ते आधी पाहा

पावसाळ्यात इंदूरची मंडळी फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनचा जोर देणाऱ्या) गाड्या घेऊन महू, जानापाव, चोरलच्या बाजूला निघतात. गाडी अडकली की चारी बाजूंनी एकच सल्ला येतो: "फोर-लो टाक, निघेल." कधी निघते. कधी मात्र चाकं नुसती फिरत राहतात, आणि मग दोष गाडीला किंवा टायरला दिला जातो. खरं तर फोर-लो आणि डिफ लॉक ही दोन वेगळ्या दुखण्यांची औषधं आहेत.

फोर-लो म्हणजे ट्रान्सफर केसमधला, म्हणजे इंजिनचा जोर पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीतला, जास्तीचा गिअर. मारुतीच्या जिम्नीत तो चाकांपर्यंत पोचणारा जोर दुप्पट करतो, महिंद्राच्या थारमध्ये जवळजवळ अडीचपट. वेग त्याच प्रमाणात कमी होतो. मोठ्या दगडावर चाक सावकाश चढवायचं, खड्या चढावर क्लच न जाळता निघायचं, तिथे तो हवाच. पण माझ्या मते त्याचं खरं मोल उतारावर कळतं. ओल्या मुरमावर ब्रेक जोरात दाबला की पकड सुटते. फोर-लोच्या पहिल्या गिअरमध्ये इंजिनच गाडीला धरून ठेवतं. क्लचवरचा पाय काढायचा आणि लक्ष स्टिअरिंगवर द्यायचं.

डिफ लॉक, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना एकत्र फिरवणारा डिफरन्शिअल लॉक, जोर वाढवत नाही. असलेला जोर पकड असलेल्या चाकाकडे पोचू देतो, एवढंच त्याचं काम. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा जास्त अंतर कापावं लागतं, म्हणून अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे डाव्या-उजव्या चाकांना जोडणाऱ्या दांड्यात, त्यांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा डिफरन्शिअल असतो. तो दोन्ही चाकांना सारखाच जोर देतो, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. एक चाक हवेत उचललं गेलं की त्याला फिरायला जोर लागतच नाही. मग जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ काहीच मिळत नाही.

फोर-बाय-फोर लावल्यावर पुढचा आणि मागचा अ‍ॅक्सल एकमेकांना जोडले जातात, पण प्रत्येक अ‍ॅक्सलमधला डिफरन्शिअल मोकळाच राहतो. नाल्यात गाडी तिरपी उतरली, पुढचं डावं आणि मागचं उजवं चाक उचललं गेलं, की ती दोनच फिरतात. अशा वेळी फोर-लो शून्याची अडीचपट करतो.

फोर्सच्या गुरखामध्ये पुढचा आणि मागचा, दोन्ही लॉक चालकाने स्वतः लावायचे असतात. थारच्या काही मॉडेलमध्ये मागचा लॉक आपोआप लागतो. जिम्नीत असा लॉक नाही. तिथे गाडी फिरत्या चाकाला ब्रेक लावून जोर दुसऱ्या चाकाकडे वळवते. त्यासाठी अ‍ॅक्सिलरेटर थोडा वेळ स्थिर धरावा लागतो. चाक फिरताना दिसलं की लोक घाबरून पाय काढतात, आणि ब्रेकची मदत मिळता मिळता राहते.

आपल्या माळव्याच्या काळ्या मातीची गोष्ट आणखी निराळी. पाणी प्यायली की ती फुगते, टायरच्या खाचांत भरते, आणि टायर गुळगुळीत होतो. तिथे फोर-लोच्या पहिल्या गिअरचा जास्तीचा जोर चाक जागच्या जागी फिरवून खड्डाच खणतो. फोर-हाय (चारही चाकांना जोर, पण फोर-लोचा जास्तीचा गिअर नाही), दुसरा गिअर आणि एकसारखी चाल जास्त उपयोगी. टायरची हवा १८-२० पीएसआयपर्यंत उतरवली तर आणखी फरक पडतो. मात्र डांबरी रस्त्यावर परतण्याआधी ती भरायला कॉम्प्रेसर सोबत हवा. आणि सोयाबीनच्या बांधावर चाकं फिरवू नका. तो बांध शेतकऱ्याने हाताने घातलेला असतो.

फोर-लो लावायचा तो गाडी थांबवून, गिअर न्यूट्रलला ठेवून. हाताने लावायचा लॉक मात्र अडकण्याआधीच लावावा. फिरत्या चाकावर लावला तर आतल्या दात्यांना झटका बसतो. लॉक असताना गाडी सरळ जायला बघते, विशेषतः पुढचा लावला असेल तर, म्हणून वळणाआधी तो काढायचा. काढूनही डॅशबोर्डवरचा लॉकचा दिवा विझला नाही, तर स्टिअरिंग सरळ करून गाडी थोडी मागे घ्या. आतला ताण सुटला की लॉक मोकळा होतो.