साक्ष (ख्रिस्ती परंपरा, पुणे)

ख्रिस्तावरच्या विश्वासाने आपल्या आयुष्यात काय पालट झाला हे दुसऱ्याला तोंडाने सांगणे, याला मराठी ख्रिस्ती मंडळी ‘साक्ष देणे’ म्हणतात. शब्द कोर्टातला, आणि अपेक्षाही तीच: जे अनुभवले तेवढेच सांगावे. प्रवचन पाळकाचे, साक्ष कोणीही देऊ शकतो. प्रार्थनासभेत एखादी आजी उठते, ‘प्रभूची स्तुती असो’ म्हणते आणि गुडघेदुखीपासून सुरुवात करते.

साक्षीचा परिणाम बाप्तिस्म्यांच्या आकड्यांवरून मोजायची सवय आहे. पुण्यात तो हिशेब जुळत नाही. जोतीराव फुले स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, ख्रिस्ती झाले नाहीत. पण मुलींची शाळा काढताना अहमदनगरच्या मिशनरी मिस फरार यांची शाळा त्यांच्या डोळ्यांसमोर होती, आणि ‘गुलामगिरी’त येशू बळीराजाच्या पंगतीला येऊन बसला. 1890 मध्ये पुण्यातल्या पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये गेलेल्या रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा आला आणि ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा खटला, उभे राहिले. धर्माचे बोलणे राहिले बाजूला, गाजला तो चहा.

पंडिता रमाबाईंची गोष्ट मात्र सावकाश सांगण्याजोगी आहे. 1882 मध्ये पुण्यात आल्यावर त्यांना इंग्रजी शिकवणाऱ्या मिस हरफर्ड पंचहौद मिशनच्या. मराठी नवा करार त्यांच्याबरोबर वाचला गेला, तरी मन वळले ते इंग्लंडमध्ये. लंडनमधल्या फुलम येथे वाँटेजच्या मठातल्या ख्रिस्ती भगिनी ‘पतित’ ठरवलेल्या स्त्रियांना सांभाळत होत्या. हे कशासाठी, असे रमाबाईंनी विचारले, तेव्हा उत्तरादाखल शोमरोनी स्त्रीची कथा मिळाली (योहान, अध्याय 4). त्या कथेतली बाई येशू भेटल्यावर विहिरीवरच घागर टाकून त्याच्याविषयी गावात सांगायला धावते. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 मध्ये वाँटेजला झाला. आपल्याला आधी ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त पुढे कित्येक वर्षांनी, असे त्यांनी नंतर स्वतःच लिहून ठेवले. इतकी प्रांजळ साक्ष विरळाच.

1889 मध्ये मुंबईत निघालेले शारदा सदन, म्हणजे रमाबाईंची विधवांसाठीची निवासी शाळा, पुढच्याच वर्षी पुण्यात आले. मुलींना ख्रिस्ती धर्माकडे वळवले जाते असा 1893 मध्ये गदारोळ झाला, सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्याच वर्षी सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई यांचा धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला; 1896 मध्ये कर्व्यांनी विधवांसाठी आश्रम काढला. दोघेही हिंदूच राहिले.

रमाबाई दौंड तालुक्यातल्या केडगावला गेल्या. तिथल्या मुक्ती मिशनमध्ये बसून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या, ग्रंथ 1924 मध्ये बाहेर पडला. छापखाना मुक्तीचाच, आणि खिळे जुळवणारे हात तिथल्याच बायकामुलींचे.