उच्चशक्ती मायक्रोवेव्ह स्रोतांतील स्पंद लांबवणे

शेकडो मेगावॅट ते काही गिगावॅट शक्तीच्या मायक्रोवेव्ह स्रोतांत इलेक्ट्रॉन शलाका चालू असतानाच मायक्रोवेव्हचा स्पंद मध्येच विझतो. या दोषावर मात करून स्पंद अधिक काळ टिकवण्याच्या तंत्रांचा विचार या नोंदीत केला आहे. सापेक्षीय मॅग्नेट्रॉन असो वा पश्चगामी तरंग आंदोलक (दोन्ही वेगवान इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतून मायक्रोवेव्ह काढणाऱ्या नळ्या), गिगावॅटच्या घरात गेल्यावर स्पंद सहसा १०० नॅनोसेकंदांच्या आसपास अडखळतो. १ गिगावॅट गुणिले १०० नॅनोसेकंद म्हणजे अवघे १०० ज्यूल. १० वॅटचा एलईडी दिवा १० सेकंदांत तेवढे खातो. शक्ती वाढवावी तर स्पंद आखूड होतो, आणि ऊर्जा होती तिथेच राहते.

दुखणे प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित कणांच्या तप्त वायूचे आहे. हजारो अँपिअर प्रवाह मिळवण्यासाठी बहुतेक ठिकाणी स्फोटक उत्सर्जनाचा कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा ऋण अग्र) वापरतात. प्रबळ विद्युत क्षेत्राने त्याच्या पृष्ठभागावरची सूक्ष्म टोके फुटतात, त्यांचा प्लाझ्मा होतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन निघतात. हा प्लाझ्मा मायक्रोसेकंदाला एक-दोन सेंटिमीटर वेगाने समोरच्या ॲनोडकडे, म्हणजे धन अग्राकडे सरकत राहतो. या दोहोंमधली फट पूर्ण बुजण्याच्या कितीतरी आधी मॅग्नेट्रॉन बंद पडतो, कारण फट जराशी आक्रसली तरी इलेक्ट्रॉनांचा वेग बदलून तरंगाशी जुळलेला मेळ सुटतो. शिवाय भरकटलेले इलेक्ट्रॉन भिंतींवर आदळून तिथे चिकटलेले वायू मोकळे करतात, नळीच्या आतील भिंतीतल्या खाचांच्या कडांवर ठिणग्या पडतात, आणि तिथला प्लाझ्मा मायक्रोवेव्ह गिळतो.

उपायांपैकी सीझियम आयोडाइडचा लेप दिलेले कार्बन तंतूंचे कॅथोड विशेष गाजले. त्यांचा प्लाझ्मा संथ पसरतो. नळीचा व्यास वाढवला तर भिंतीवरचे क्षेत्र उतरते, मात्र नको असलेले तरंगप्रकार डोके वर काढतात. शलाका भिंतीपासून दूर ठेवायला चुंबकीय क्षेत्र वाढवतात.

खरी मेख मात्र स्वच्छतेत आहे. अमेरिकेतील स्लॅक या प्रवेगक प्रयोगशाळेचा ५०४५ क्लायस्ट्रॉन (मायक्रोवेव्हची शक्ती वाढवणारी निर्वात नळी) ६५ मेगावॅट शक्ती ३.५ मायक्रोसेकंद देतो, म्हणजे सुमारे २२७ ज्यूल. तापवलेला कॅथोड, धातू-सिरॅमिकचे पक्के सांधे, भट्टीत भाजून वायूमुक्त केलेली नळी ही त्यामागची शिस्त. प्रायोगिक गिगावॅट यंत्रे मात्र बहुधा रबरी वायसर आणि तेलाच्या पंपांवर चालत आली.

भारतात ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात ‘काली’ मालिकेतील इलेक्ट्रॉन प्रवेगकांवर व्हिर्केटर या उच्चशक्ती मायक्रोवेव्ह स्रोताचे प्रयोग झाले. ‘काली-५०००’चा इलेक्ट्रॉन स्पंदच १०० नॅनोसेकंदांच्या घरातला; ‘काली’ला गुप्त अस्त्र ठरवणाऱ्या कथांत हा आकडा सहसा येत नाही.