लहान जातीचं पिल्लू घेताय? आधी केसांचं बोलूया

आमच्याकडे येणारा फोन बहुतेक वेळा असा असतो: "घरात पहिल्यांदाच कुत्रा आणतोय. मुलं लहान आहेत. केस न गळणारी, छोटी जात सांगा." फोनवर या प्रश्नाचं उत्तर नेहमी अर्धवट राहतं, म्हणून इथे सविस्तर लिहितो. आम्ही पिल्लं विकत नाही. कुत्र्यांचे केस, नखं, कान सांभाळणं हे आमचं काम. त्यामुळे कोणती जात घरी नेली की वर्षभरानं काय होतं, ते आम्हाला टेबलावर रोज दिसतं.

"केस गळत नाहीत" एवढं ऐकून लोक शिट्झू, माल्टीज किंवा टॉय पूडल घरी नेतात. ते खोटं नाही, या जातींचे केस जमिनीवर फार पडत नाहीत. पण सुटलेला केस आजूबाजूच्या केसांतच अडकून राहतो. रोज विंचरून काढला नाही, तर त्याची गाठ होते आणि गाठीची जटा. पगचं उलट असतं. केस इतके आखूड की विंचरायला काही नाही, पण ते वर्षभर गळतात आणि सोफ्यात रुतून बसतात. रोज झाडणं जमेल की रोज विंचरणं, एवढं घरात आधी ठरवा. आणि केस गळत नाहीत म्हणून ॲलर्जी होणार नाही, असं समजू नका. ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे होते. घरात कुणाला तसा त्रास असेल, तर डॉक्टरांना विचारा आणि त्या व्यक्तीला त्याच जातीच्या कुत्र्याजवळ दोन-तीन वेळा बसवून बघा.

आता ती चूक, जिच्यापायी तुमचाही वेळ जातो आणि आमचाही. पिल्लाचे मऊ केस वर्षाच्या आसपास जाऊन मोठ्या कुत्र्याचे केस येतात. त्या दिवसांत गुंता एकदम वाढतो. घरचे पाठीवरून ब्रश फिरवतात, वरून सगळं चकचकीत दिसतं. गाठी मात्र कानांमागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि हार्नेसच्या पट्ट्याखाली वाढत असतात. मग कुत्रा मळका दिसतो म्हणून कुणीतरी त्याला आंघोळ घालतं. ओली जटा आवळते आणि सुकली की घोंगडीसारखी घट्ट बसते. एका शिट्झूच्या कानामागून आम्ही सुपारीएवढी गाठ मशीननं काढली, तर खालची कातडी लाल आणि ओलसर झालेली. त्याच्या घरचे रोज ब्रश करत होते, अगदी मनापासून. ब्रश कातडीपर्यंत पोचत नव्हता, एवढंच.

म्हणून स्टीलचा कंगवा घ्या. केसांची एकेक बट बाजूला करा, कंगवा कातडीला हलका टेकवा आणि टोकापर्यंत ओढा. अडकला तर ती गाठ बोटांनी सोडवा. सगळीकडे कंगवा सरळ निघाला, तरच पाणी. आंघोळीनंतर मुळापर्यंत सुकवा आणि पुन्हा विंचरा. गाठ कात्रीनं कापू नका. जटेबरोबर कातडी वर ओढली गेलेली असते, ती हमखास कापली जाते.

जटा झालेला कुत्रा आला की आम्ही केस बारीक कापतो. "सोडवा ना, लांबच ठेवा" असा आग्रह होतो आणि काही जण नाराज होऊन जातात. पण एकेक गाठ ओढत तासन् तास त्या जिवाला उभं करणं आम्हाला पटत नाही. केस पुन्हा वाढतात. पॉमेरेनियनच्या बाबतीत मात्र आम्ही बरोबर उलटा हट्ट धरतो. उन्हाळा आला तरी कातडीपर्यंत मशीन मारत नाही. त्याच्या केसांचे दोन थर असतात आणि एकदा भादरल्यावर ते कधीकधी विरळ, ठिगळाठिगळानं येतात.

केसांपलीकडचं थोडं. पगचं घोरणं लोकांना गोड वाटतं, पण ते अरुंद श्वासमार्गाचं लक्षण आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो आणि आखूड नाकाच्या कुत्र्याला तेच जड जातं. पिल्लाचे आईबाप थोडं चालल्यावर श्वास कसा घेतात, ते बघा. चिवावा आणि पॉमेरेनियन जेमतेम दोन-तीन किलोचे. मुलाच्या हातून पडले तरी पाय मोडतो, म्हणून पाच-सहा वर्षांच्या आतली मुलं असतील तर आम्ही नको म्हणतो. डॅशहंडची पाठ लांब, त्याला सोफ्यावरून उड्या मारू देऊ नका. बीगल हा वासावर धावणारा शिकारी कुत्रा, त्याला भरपूर चालवावं लागतं आणि त्याचा आवाजही मोठा. अगदी चिमुकलं पिल्लू "टीकप" म्हणून दाखवतात, पण त्या नावाची जातच नाही. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू कुणी देत असेल, तर घेऊ नका.

आमचं मत विचाराल, तर मुलं थोडी मोठी असतील आणि कुणीतरी रोज पंधरा मिनिटं देणार असेल, तर केस आखूड ठेवलेला शिट्झू पहिल्या कुत्र्यासाठी चांगला. साधारण दर सहा आठवड्यांनी कटिंग लागतं, ते धरून चला.

पिल्लू ठरवण्याआधी वेळ घेऊन अर्धा तास आमच्याकडे या. त्या वेळी टेबलावर जो कुत्रा असेल, त्याच्यावर कंगवा कसा धरायचा ते दाखवू. पिल्लू घरी आलं की लसीकरण पूर्ण झाल्यावर, म्हणजे साधारण चार महिन्यांनंतर, त्याची पहिली भेट ठेवा. त्या दिवशी आम्ही केस कापत नाही. त्याला टेबलावर उभं करतो, पंजे हातात घेतो, ड्रायर लांबून ऐकवतो. येताना त्याची रोजची चादर आणा आणि घरात जो रोज विंचरणार आहे, त्यालाही बरोबर आणा.