एक्स-रेमुळे हार्ड डिस्क कोरी होत नाही

विमानतळावरच्या एक्स-रे मशीनमधून हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह गेला की डेटा उडतो, असं आजही छातीठोकपणे सांगितलं जातं. तसं होत नाही.

हार्ड डिस्कमध्ये माहिती साठते ती चुंबकीय कणांच्या दिशेने. ती दिशा फिरवायला जोरदार चुंबकीय क्षेत्र लागतं, एक्स-रे म्हणजे नुसता प्रकाशाचाच भाऊबंद. पेनड्राइव्ह, एसएसडी (फिरती तबकडी नसलेली डिस्क) आणि मेमरी कार्डात माहिती अडकवून ठेवलेल्या इलेक्ट्रॉन्सच्या रूपात असते. बॅग तपासणीतला डोस त्यांना हलवायला फारच किरकोळ. मेटल डिटेक्टरच्या चौकटीतलं चुंबकीय क्षेत्रही तसंच दुबळं.

ही भीती बहुधा कॅमेऱ्याच्या रोलवरून आली असावी. फिल्मवर एक्स-रेचा डाग खरंच पडतो, विशेषतः जास्त आयएसओच्या, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील असलेल्या फिल्मवर.

खरा धोका ट्रेमध्ये असतो. पट्टा-घड्याळाच्या गडबडीत बोटाएवढा पेनड्राइव्ह कोपऱ्यात राहून जातो, नाहीतर फिरती तबकडी असलेली डिस्क हातातून फरशीवर आपटते. आणि कस्टम्स? काही देशांत अधिकारी उपकरण उघडून आतलं बघू शकतात. तेव्हा एक प्रत घरी ठेवा, सोबतची एन्क्रिप्ट करा, म्हणजे पासवर्डशिवाय वाचता येणार नाही अशी.