एका ओळीत गोल्फ आणि मल्लखांब

२०२० च्या जुलैत, कोरोनाच्या साथीत, औरंगाबादनं, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरनं, १० ते १८ तारखेपर्यंतची कडक टाळेबंदी सोसली. पाठोपाठ २९ जुलैला राज्य सरकारचा आदेश आला. ५ ऑगस्टपासून सांघिक नसलेले मैदानी खेळ अंतर राखून खेळायला परवानगी मिळाली. यादीत गोल्फ होता, उघड्यावरची नेमबाजी होती, टेनिस, बॅडमिंटन आणि शेवटी मल्लखांब. मराठवाड्यात बहुतेकांनी गोल्फ टीव्हीवरच पाहिलेला. मल्लखांब मात्र तालुक्याच्या शाळेच्या आवारातही दिसतो. गोल्फमध्ये चेंडू ज्याचा त्याचा, आणि मल्लखांबाला तर एकामागून एक दहा मुलं मिठी मारतात. हे दोन खेळ एका ओळीत कसे, हा प्रश्न मला तेव्हा पडला होता. त्याचं उत्तर शोधताना संसर्गाबद्दलची माझी स्वतःची समज बदलली.

जगभर गोल्फ क्लब उघडले तेव्हा पहिली धास्ती हाताची होती. इंग्लंडमध्ये १३ मे २०२० ला मैदानं सुरू झाली, तीही घराबाहेरच्या एकाच माणसाबरोबर खेळायच्या अटीवर. होलचा, म्हणजे चेंडू ज्यात घालवायचा त्या खळगीचा, व्यास १०८ मिलिमीटर. चेंडू काढायला प्रत्येकाचा हात त्यात जाणार. म्हणून कुठे होलमध्ये फोमचा तुकडा बसवला, कुठे आतला पेला वर उचलून ठेवला, म्हणजे चेंडू आत पडूच नये. होलमध्ये उभ्या असलेल्या झेंड्याच्या काठीला हात लावायचा नाही, असं ठरलं. २०१९ च्या नव्या नियमांनी काठी होलमध्येच ठेवून चेंडू ढकलायची मुभा आधीच दिलेली होती, ती कामी आली. वाळूचे खड्डे सारखे करायची दाताळी उचलून ठेवली. खेळाडूंनी पायानंच वाळू सारखी करायची.

ही काळजी उगाच नव्हती. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्लॅस्टिकवर कोरोनाचा विषाणू ७२ तासांपर्यंत, तर पुठ्ठ्यावर २४ तासांपर्यंत तग धरताना दिसला होता. पण प्रयोगशाळेत विषाणू मुद्दाम भरपूर घेतलेला असतो. दुसऱ्या एका प्रयोगात कृत्रिम लाळेत मिसळलेल्या विषाणूवर ४० अंश अक्षांशावरच्या भर उन्हाळ्यातल्या दुपारइतका प्रकाश सोडला, तेव्हा सुमारे सात मिनिटांत त्यातला नव्वद टक्के निकामी झाला. आपण वीस अंशांच्या आसपास. मेच्या आणि जुलैच्या उत्तरार्धात आपल्याकडे सूर्य थेट डोक्यावर येतो. अर्थात ऑगस्टचं आभाळ भरलेलं असतं, आणि पहाटे पाचला मैदानावर जाणाऱ्याला या किरणांचा काहीच उपयोग नाही. पुढे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रानं दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागून संसर्ग होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहून कमी असल्याचं म्हटलं.

मग धोका कशात होता? श्वासात. आणि तो समजायला ज्वारीचं खळं पुरतं.

वारा सुटल्यावर उंचावर उभं राहून ज्वारी उपणताना दाणा पायाशी पडतो आणि भुसकट वाऱ्यानं लांब जातं. तोंडातून निघणाऱ्या थेंबांचंही तसंच. मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढा थेंब दीड मीटर उंचीवरून पाच-सहा सेकंदांत खाली येतो. त्याच्या विसाव्या हिश्शाएवढ्या, पाच मायक्रॉनच्या कणाला स्थिर हवेत अर्धा तास लागतो. एक मायक्रॉनचा असेल तर कित्येक तास. हे हलके कण उघड्या रानात वाऱ्यावर पांगतात, विरळ होतात. दारं-खिडक्या लावलेल्या खोलीत ते जागच्या जागी साचत राहतात. आणखी एक गोष्ट शेतकऱ्याला कुणी शिकवावी लागत नाही: उपणणी चालू असताना वाऱ्याच्या खालच्या अंगाला, उपणणाऱ्याकडे तोंड करून, कुणी उभं राहत नाही.

गोल्फ सुरक्षित का, हे इथं उलगडतं. सहा-सात किलोमीटरची चाल, साधारण चार तास, आणि एक फटका मारला की चौघं चार दिशांना. ती चार माणसं जवळ येतात ती सुरुवातीच्या चौथऱ्यावर, होलपाशी आणि खेळ संपल्यावर क्लबच्या इमारतीत. काठीला हात लावू नका असं बजावून आत बंद खोलीत चहा पाजला असता तर सगळी मेहनत पाण्यात गेली असती. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १० मार्च २०२० ला एका गायनवृंदाचा बंद जागेत अडीच तासांचा सराव झाला. हजर ६१ जणांपैकी ५३ जणांना लागण झाली किंवा झाल्याचा दाट संशय होता, दोघं दगावले.

उघड्यावरही सगळं माफ नाही. चीनमध्ये हुबेई प्रांताबाहेरच्या ७,३२४ रुग्णांची छाननी झाली. तीन किंवा अधिक रुग्णांचे ३१८ उद्रेक सापडले, ते सगळे बंद जागेतले. उघड्यावरची घटना एकच, हनान प्रांतातल्या एका गावची. वुहानहून परतलेल्या माणसाशी एक तरुण बाहेर उभा राहून बोलला होता. थंडीचे दिवस, लोक मुळात घरातच होते, त्यामुळे हा आकडा थोडा झुकलेला मानावा. पण ती एकमेव घटना समोरासमोरच्या गप्पांची निघाली, हे मला फार बोलकं वाटतं.

आवाज चढला की कणही वाढतात. हळू बोलताना सेकंदाला एखादा, मोठ्यानं बोलताना पन्नासपर्यंत, असं २०१९ च्या एका मोजणीत दिसलं. कबड्डीपटू एका दमात, मोठ्यानं, समोरच्याच्या अंगाला भिडून ‘कबड्डी कबड्डी’ म्हणतो. आपल्या भागाच्या या लाडक्या खेळाला त्या यादीत जागा नव्हती, हे त्या वेळी कितीही खुपलं तरी योग्यच होतं.

मल्लखांबाचं वेगळं. खांबावर एका वेळी एकच मुलगा, आणि कसरत करताना तो बोलत नाही. खांबाला एरंडेल चोळलेलं असल्यानं हातही तेलकट होतात, आणि तेलकट हातांवर सॅनिटायझर नीट काम करत नाही. तिथं साबणच हवा. साबण तेल सोडवतो आणि विषाणूचं स्निग्ध आवरणही फोडतो. खरी काळजी घ्यायची ती पाळीची वाट बघत खांबाभोवती दाटीनं बसून ओरडणाऱ्या पोरांची आणि पडणाऱ्याला झेलायला अगदी जवळ उभ्या राहणाऱ्या सरांची. सरांना मास्क. पोरांना हाताहातावर अंतर ठेवून एका ओळीत बसवायचं, आणि ती ओळ वाऱ्याला आडवी हवी, म्हणजे एकाचा श्वास दुसऱ्याच्या तोंडावर जाणार नाही. आकडे मोजायचे ते ओरडून नव्हे, टाळ्या वाजवून.