सापळ्यात वीस, मग रानात किती?

बुद्धपौर्णिमेची प्राणीगणनेची रात्र सरली की बातमी ठरलेली असते: पाणवठ्यावर इतकी सांबरं, तितकी अस्वलं दिसली. दिसली इतकी म्हणजे आहेत तितकीच, असा समज त्यातून पसरतो. मचाणावरून ज्यांचा पत्ताही लागत नाही ते रानउंदीर आणि चिचुंद्र्या मोजताना हा समज आधी बाजूला ठेवावा लागतो. कॅमेरा लावा, एआय मोजेल, असं म्हणणारेही भेटतात. वाघ पट्ट्यांवरून ओळखता येतो. सह्याद्रीतल्या रॅटस सातारी जातीचे दोन उंदीर फोटोत वेगळे कसे काढणार? म्हणून पकडा, खूण करा, सोडा आणि पुन्हा पकडा.

अॅल्युमिनियमचे घडीचे शर्मन सापळे दर १० मीटरवर, १० ओळींत १० असे मांडतात. पीनट बटर आणि ओट्सची सुपारीएवढी गोळी आत, सोबत ऊब राहावी म्हणून कापसाचा बोळा. चिचुंद्री उंदरांच्या कुळातली नाही, ती कीटक खाते आणि काही तास उपाशी राहिली तरी मरते. तिच्यासाठी थोडे किडेही ठेवावेत. पाय पडताच दार पाडणारी आतली पट्टी जड बसवली तर छोटा उंदीर गोळी खाऊन निघून जातो, फार हलकी ठेवली तर दार वाऱ्यानेही पडतं. जेमतेम २ ग्रॅमच्या पिग्मी चिचुंद्रीने पट्टी हलतच नाही, तिच्यासाठी जमिनीत बादली पुरतात. सगळ्यात जास्त वैताग मुंग्यांचा: गोळी फस्त करतात आणि अडकलेल्या जनावरालाही चावतात.

सापळे सूर्यास्ताआधी लावायचे आणि उजाडताच तपासायचे, कारण ऊन चढलं की पत्र्याची भट्टी होते. सापळ्याच्या तोंडाला कापडी पिशवी लावून प्राणी तीत उतरवतात, काट्यावर वजन घेऊन पिशवीचं वजा करतात. मग मानेची कातडी धरून मागचं पाऊल (नखं सोडून), शेपटी आणि कान मोजतात. शेपटीच्या टोकाला धरून उचललं तर कातडी सोलून हातात येते. शेवटी कानाला क्रमांकाचा बिल्ला लावून पकडला तिथेच सोडतात. दूध पाजणारी मादी सर्वांत आधी, तिची पिल्लं बिळात असतात. हातमोजे हवेतच, उंदराच्या मुतातून लेप्टो होतो, आणि सिंधुदुर्गात माकडताप पसरवणाऱ्या गोचिडी अशा प्राण्यांच्या अंगावरही असतात.

आता खरी गंमत. समजा, पहिल्या रात्री २० उंदीर सापडले, सगळ्यांना बिल्ले लावले. दुसऱ्या रात्री २५ आले, त्यांत १० बिल्लेवाले. २५ मध्ये १० म्हणजे ४० टक्के. रानातही बिल्लेवाल्यांचं प्रमाण तेवढंच धरलं, तर २० हे एकूण संख्येच्या ४० टक्के, म्हणजे एकूण ५०. लहान आकड्यांत हे सूत्र थोडं फुगतं, म्हणून चॅपमनची दुरुस्ती वापरतात: २१ गुणिले २६, भागिले ११, वजा १, म्हणजे सुमारे ४९.

यात एक गृहीतक लपलंय: बिल्लेवाला आणि बिनबिल्ल्याचा, दोघेही सापळ्यात यायची शक्यता सारखीच. पण काही उंदीर फुकटच्या जेवणाला चटावतात. दुसऱ्या रात्री १० ऐवजी १५ बिल्लेवाले आले तर साधं उत्तर ३३. उलट, धसका घेऊन फक्त ५ परतले तर थेट १००! उंदीर तेवढेच, बदलली ती त्यांची वागणूक. पट्टीचा ताण रोज सारखा ठेवणं आणि उंदीर हळुवार हाताळणं या गणितासाठीही लागतं. म्हणूनच दोन रात्रींवर भागवत नाहीत. चार-पाच रात्री पकडून प्रत्येक उंदराचा आला-नाही आला असा इतिहास लिहितात, आणि पहिल्यांदा पकडलं जायची व पुन्हा पकडलं जायची शक्यता वेगवेगळी काढतात.

घनतेचा घोळ वेगळाच. कडेच्या सापळ्यांच्या मधली जागा ९० गुणिले ९० मीटर, म्हणजे ०.८१ हेक्टर. ५० भागिले ०.८१, हेक्टरी ६२. पण कडेच्या सापळ्यांत बाहेरचे उंदीरही येतात. ते साधारण किती लांबून येतात हे पुन्हा पकडलेल्यांच्या जागांवरून काढतात आणि त्या अंतराच्या निम्म्या रुंदीचा पट्टा चहूबाजूंनी जोडतात. तो १५ मीटर धरला तर जागा १.४४ हेक्टर आणि घनता ३५ वर येते. १९७५ मध्ये सिंहगडावरून नोंदलेल्या, आज संकटग्रस्त यादीत असलेल्या कोंडाणा उंदराला राहायला जागाच मोजकी. तिथे हा पट्टा विसरलात तर कागदावर उंदीर जवळजवळ दुप्पट होतात.